जुन्या गाडीला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बसवताना

केबलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल आणि इंजिनात हवा सोडणारी झडप यांच्यामध्ये एक पोलादी तार असते. पेडल दाबले की तार ओढली जाते आणि झडप उघडते. पाय काढला की स्प्रिंग तिला बंद करते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत ही तारच नसते. पेडलपाशी सेन्सर असतात, झडपेला छोटी डीसी मोटर असते आणि दोहोंच्या मध्ये ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. तुमचा पाय फक्त मागणी नोंदवतो; झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो.

१९८७ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरी ७५० मध्ये ही व्यवस्था होती, १९९७ च्या शेवरले कॉर्व्हेटमध्ये ती आली आणि पुढे साध्या, छोट्या गाड्यांपर्यंत उतरली. साहजिकच जुनी गाडी हौसेने उभी करणारे बरेच जण आता विचारतात की आपल्या झेनला, एस्टीमला, जिप्सीला किंवा अमेरिकेत राहत असतील तर जुन्या मस्टँगला हे बसवता येईल का. बसवता येते. मात्र हे काम थ्रॉटल बॉडी बदलण्यापुरते आहे, असे धरून त्यात उतरू नका. केबल काढताना झडप बंद होण्याची जी सरळ, डोळ्यांना दिसणारी हमी होती, तीही आपण काढून टाकतो. ती हमी सेन्सर, रिले आणि प्रोग्रॅम यांच्यात नव्याने बांधावी लागते, आणि कारखान्यात शेकडो अभियंत्यांनी केलेले ते काम इथे तुमच्यावर आणि तुमच्या मेकॅनिकवर येते. म्हणून या लेखात मी सर्वांत जास्त जागा त्या हमीला दिली आहे.

तुमच्या गाडीला याची गरज आहे का

आधी एक गोंधळ दूर करू. बाजारात ‘थ्रॉटल कंट्रोलर’ नावाची छोटी डबी मिळते. ती पेडल आणि ईसीयूच्या मध्ये लावतात आणि मग गाडी पायाला जास्त चपळ वाटते. ती फक्त त्याच गाड्यांना लागते ज्यांत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आधीपासूनच आहे, आणि ती इंजिनाची ताकद वाढवत नाही. अर्ध्या पेडलला पाऊण पेडल म्हणून पुढे पाठवते, एवढेच. केबलच्या गाडीत तिचा काही उपयोग नाही. आपला विषय तो नव्हे.

गाडी कार्ब्युरेटरची असेल, म्हणजे पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर किंवा सुरुवातीची मारुती ८००, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा विचार बाजूला ठेवा. त्यासाठी आधी पूर्ण इंजेक्शन बसवावे लागते. म्हणजे दाबाचा पेट्रोल पंप, रिटर्न लाइन, क्रँक सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, नवी वायरिंग आणि हे सगळे चालवणारा ईसीयू. इंजेक्शन करायचेच असेल तर ते केबलच्या थ्रॉटल बॉडीवर करा. नवी केबल, मोकळी हलणारी झडप आणि दोन चांगले स्प्रिंग असलेला कार्ब्युरेटर पायाला फार सुंदर उत्तर देतो, आणि तो दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो.

केबलची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची, गाडी असेल तर प्रश्न जरा अवघड होतो. फायदे खरे आहेत. आयडलसाठी वेगळा एअर व्हॉल्व लागत नाही, कारण मोटरच झडप बारीक हलवून आयडल सांभाळते. एसी सुरू झाला की रेस हळूच सावरली जाते. क्रूझ कंट्रोल जवळजवळ फुकट मिळतो. गिअर उतरवताना ईसीयू स्वतः रेसचा झटका देऊ शकतो आणि चाके घसरू लागली तर झडप मिटू शकतो. पण यातले तुम्हाला नेमके काय हवे आहे? फक्त आयडल खालीवर होत असेल तर जुना एअर व्हॉल्व साफ करा, गॅस्केटमधून हवा चोरली जाते का ते पाहा. पेडल जड लागत असेल तर केबल बदला. एवढ्यासाठी ईसीयू बदलणे म्हणजे पैशांची आणि मनस्तापाची उधळण आहे.

ही यंत्रणा खरी शोभते ती इंजिन बदललेल्या गाडीत. नवे इंजिन येतानाच इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल घेऊन येते. त्याचे आयडल, त्याचा टॉर्क, कधीकधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे बदलसुद्धा त्या थ्रॉटलवर बेतलेले असतात. तिथे ते काढून केबलचे थ्रॉटल बसवणे उलट जास्त कटकटीचे. शिवाय डाव्या स्टिअरिंगच्या देशातले इंजिन उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बसवताना केबल कुठून न्यायची हा मोठा पेच असतो, तर सहा वायरी कुठूनही वळवता येतात. अमेरिकेत जुन्या शेवरले गाड्यांत एलएस मालिकेचे व्ही-८ इंजिन बसवण्याचा मोठा शौक आहे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल जुन्या गाडीत नेण्याचा सर्वांत दांडगा अनुभव त्याच मंडळींकडे आहे आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या कामातून पक्क्या झालेल्या आहेत.

हमी कुठे लपलेली असते

चांगल्या पेडलमध्ये एक नव्हे, दोन सेन्सर असतात. दोन्ही एकाच पायाची हालचाल मोजतात, पण वेगळ्या भाषेत. काही पेडलांत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा असतो, काहींत दोन्हींमध्ये ठरावीक अंतर असते. थ्रॉटल बॉडीतही झडपेच्या दांड्यावर असेच दोन सेन्सर. तिथे बहुधा एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. ईसीयू सतत दोघांची साक्ष जुळवतो. जुळली नाही की तो मागणी मान्य करत नाही.

मोटरची वीज तोडली की झडप कुठे जाते, हे जाणून घेणे फार महत्त्वाचे आहे. ती पूर्ण बंद होत नाही. आतले स्प्रिंग तिला थोड्याशा उघड्या जागी आणून ठेवतात, म्हणजे बिघाडातही इंजिन चालू राहील आणि गाडी रांगत बाजूला घेता येईल. थ्रॉटल बॉडी हातात घेतल्यावर ही फट पाहून अनेकांना ती खराब वाटते. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. ती घासू नका, स्क्रूने मिटवू नका.

जर्मन मोटार कंपन्यांनी मिळून या यंत्रणेसाठी देखरेखीचा एक आराखडा ठरवला आहे, त्यात तीन थर आहेत. पहिला थर नेहमीचे काम करतो. दुसरा थर पहिल्याचा हिशोब वेगळ्या मार्गाने पुन्हा मांडून पाहतो: पाय एवढाच असताना इंजिन एवढा टॉर्क का देते आहे? तिसरा थर खुद्द संगणक शुद्धीवर आहे का ते पाहतो. त्यासाठी वेगळी चिप असते, ती मुख्य प्रोसेसरला प्रश्न विचारत राहते आणि चुकीचे उत्तर आले की मोटरची वीज तोडते. कारखान्यातून आलेल्या ईसीयूमध्ये अशी देखरेख असते. बाजारात मिळणाऱ्या, स्वतः ट्यून करायच्या ईसीयूमध्ये ती कुठवर आहे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, आणि खरेदीच्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे.

ही काळजी अनाठायी नाही. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी वाढल्या आणि लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. कारणे दोन सांगितली गेली: फ्लोअर मॅटमध्ये अडकणारे पेडल आणि चिकटून राहणारे पेडल. इलेक्ट्रॉनिक बाजू तपासायला नासाचे अभियंते बसले. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात त्यांनी सांगितले की गाडी भरधाव सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. मात्र एका पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचा केसासारखा तंतू वाढून दोन सिग्नल एकमेकांना भिडले होते, हे त्यांना आढळले. पुढे २०१३ मध्ये २००५ च्या कॅमरीच्या अपघाताच्या खटल्यात ओक्लाहोमातील ज्यूरीने कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि तिथे वादाचा विषय थ्रॉटलचे सॉफ्टवेअर होता.

गाडी उभी करणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. दोन सेन्सर एकमेकांना शॉर्ट झाले तर ते लगेच ओळखू यावे, म्हणून ज्याचा दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा आहे आणि ज्याला दोन वेगळे पुरवठे व दोन वेगळी ग्राउंड आहेत, असे सहा वायरींचे पेडल निवडा. शॉर्ट झाल्यावर दोन्ही व्होल्टेज सारखे होतात, निम्म्याचे नाते मोडते आणि चोरी पकडली जाते. आणि दुसरी गोष्ट अगदी साधी, मॅटची. तिच्याकडे पुढे येऊच.

ईसीयू आधी, थ्रॉटल नंतर

बहुतेक जण आधी भंगारातून थ्रॉटल बॉडी आणतात आणि मग ती चालवणारा ईसीयू शोधतात. क्रम उलटा हवा. रस्ते दोनच. एक, इंजिनाचा मूळ ईसीयू, मूळ पेडल, मूळ थ्रॉटल आणि शक्य तितकी मूळ वायरिंग एकाच गाडीतून उचलायची. हा मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण देखरेखीचे तिन्ही थर त्यासोबत येतात. पण तुकडे एकाच घरचे हवेत. एलएस इंजिनांच्या पहिल्या पिढीत थ्रॉटल चालवायला वेगळा मॉड्यूल असे आणि पेडल, मॉड्यूल व ईसीयू यांचे जुळले नाही तर गाडी हलतच नसे; पुढच्या पिढीत हे काम ईसीयूच्या आत गेले. जोडीला इमोबिलायझर असेल तर चावी, तिची चिप आणि वाचक यंत्रसुद्धा त्याच गाडीचे घ्या, नाहीतर नंतर ईसीयू उघडत बसावे लागते.

दुसरा रस्ता म्हणजे हॅलटेक, लिंक, हॉली, मॅक्सईसीयू यांसारखे ईसीयू. इथे पेडल एका गाडीचे आणि थ्रॉटल दुसऱ्या गाडीचे चालते, कारण दोन्ही आपणच शिकवतो. पण प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मॉडेलला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल चालवता येत नाही; हॉलीच्या टर्मिनेटर एक्समध्ये ती सोय नाही, टर्मिनेटर एक्स मॅक्समध्ये आहे. आयात, कर आणि ट्यूनिंग धरून हा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. विकत घेण्याआधी लेखी विचारा: पेडलचे दोन्ही आणि थ्रॉटलचे दोन्ही सेन्सर स्वतंत्र वाचले जातात का? त्यांच्यात फरक पडला तर किती वेळात आणि काय केले जाते? मोटरचा पुरवठा तोडणारा रिले ईसीयूच्या ताब्यात असतो का? ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले तर झडप मिटते का? यातल्या एकाचेही उत्तर गुळमुळीत आले तर तो ईसीयू या कामाला नको.

एकाच सेन्सरवर झडप हलवणारी, कुणीतरी घरी जुळवलेली मोटर-ड्रायव्हरची पाटी गाडीत कदापि लावू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तिचे सुटे भाग तासाभरात मिळतील आणि टेबलावर ती झकास चालेलही. टेबलावर चालणे आणि घाटात उतारावर चालणे यांच्यामध्ये माणसांचे जीव असतात.

लोखंडी काम

थ्रॉटलचा व्यास मोठा म्हणजे ताकद जास्त, हा समज खोल रुजलेला आहे. एलएस-३ सारख्या ६.२ लिटरच्या इंजिनाला ९० मिलिमीटरचे थ्रॉटल असते, १.३ लिटरच्या इंजिनाला त्याच्या जवळपासचे बसवले तर पेडल जराही हलवताच गाडी उसळी घेईल आणि वाहतुकीत चालवणे नकोसे होईल. आपल्या इंजिनाएवढ्याच घनक्षमतेच्या नव्या गाडीचे थ्रॉटल शोधा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जुने थ्रॉटल बघताना बोटाने झडप हळूहळू उघडा. आतले प्लास्टिकचे गिअर झिजले असतील तर खरखर जाणवते. सोडल्यावर ती प्रत्येक वेळी त्याच फटीवर परत आली पाहिजे. कनेक्टर वीतभर वायरीसकट मागून घ्या. कनेक्टर नसलेले थ्रॉटल स्वस्त पडत नाही. थ्रॉटल जुने चालेल, पेडल मात्र मी नवेच घ्यायला सांगेन.

मॅनिफोल्डवर बसवायला अ‍ॅल्युमिनियमची जाड अ‍ॅडॅप्टर प्लेट लेथवर करून घ्या. आतल्या भोकाला पायरी राहू देऊ नका. जुन्या आयडल व्हॉल्वचा रस्ता पूर्ण बंद करा, नाहीतर ईसीयूला न कळणारी हवा आत जात राहील आणि आयडल कधीच बसणार नाही. जुन्या थ्रॉटल बॉडीतून कूलंट फिरत असेल तर ते दोन होज एकमेकांना नीट जोडा. थ्रॉटल अशा कोनात बसवा की मोटरची पेटी सर्वांत खाली लटकणार नाही. तिथे ओल साचते.

पेडलचे ब्रॅकेट फायरवॉलवर घट्ट हवे. पत्रा लवत असेल तर खालच्या बाजूने जाड पट्टी द्या. पेडलची उंची ब्रेकपेक्षा थोडी कमी ठेवा, म्हणजे घाईत ब्रेक दाबताना बूट त्यावर पडणार नाही. पूर्ण दाबल्यावर पाय टेकेल असा थांबा जमिनीवर द्या, कारण प्लास्टिकचे पेडल घाबरलेल्या माणसाचा पूर्ण जोर सोसत नाही. आणि मॅट: जुन्या गाडीचे पेडल वरून लटकत होते आणि नवे खाली टेकणारे असेल तर जुनी मॅट बादच करा. नवी मॅट हुकाने अडकवलेली हवी, आणि एकावर एक दोन मॅट कधीच नकोत.

वायरिंग

मोटरच्या दोन वायरी जाड घ्या आणि एकमेकींना पिळून न्या. अडकलेली मोटर क्षणभर बरेच अँपिअर ओढते. सेन्सरच्या वायरी बारीक चालतात, पण इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरींपासून लांब. सेन्सरचे ग्राउंड बॉडीला जोडू नका, ते ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडलाच परत गेले पाहिजे. जुन्या गाडीच्या बॉडीवर गंज, रंग आणि पन्नास जोड असतात. हेडलाइट लावताच तिथे व्होल्टेज सरकतो आणि ईसीयूला वाटते पेडल हलले.

बॅटरी आणि चार्जिंगकडे आधी बघा. डायनॅमो असलेल्या जुन्या फियाटमध्ये आयडलला चार्जिंग जवळपास नसते. तिथे आधी अल्टरनेटर. स्टार्टर फिरताना व्होल्टेज कितीवर उतरतो ते मीटरने मोजा आणि तेवढ्या व्होल्टेजवर ईसीयू जागा राहतो का हे त्याच्या कागदांत तपासा.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, उंदीर. पावसाळ्यात उबेसाठी ते इंजिनाच्या कप्प्यात शिरतात आणि वायरींची साले कुरतडतात. केबलच्या गाडीला यातून थ्रॉटलपुरता धोका नसतो, इलेक्ट्रॉनिकच्या गाडीला असतो. पूर्ण हार्नेस जाळीच्या आवरणात घाला, फायरवॉलच्या भोकांना रबरी ग्रोमेट लावा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणारी असेल तर सुरू करण्याआधी बोनेट उघडून हार्नेसवर नजर टाका. कोकणात किनाऱ्याजवळ राहत असाल तर सील असलेलेच कनेक्टर वापरा. मूळ प्रकारचे टर्मिनल योग्य पकडीने दाबून बसवा. पिळून टेप गुंडाळलेला एकही जोड या बारा वायरींत नको.

शिकवणे आणि जुळवणे

इंजिन बंद, चावी चालू. आधी पेडल शिकवा: सोडलेले आणि पूर्ण दाबलेले. मग थ्रॉटल: ईसीयू स्वतः मोटर फिरवून दोन्ही टोके शोधतो. आता पेडल अगदी सावकाश दाबत लॅपटॉपवर दोन्ही सेन्सरांच्या रेषा पाहा. त्या पूर्ण प्रवासात एकमेकींशी आपले नाते राखतात का? मध्येच एखादी तुटते किंवा थरथरते का? ही पाच मिनिटे वाचवू नका.

मग मोटरचे नियंत्रण. मागितलेल्या जागी झडप चटकन पोहोचली पाहिजे. चांगले थ्रॉटल पूर्ण उघडायला साधारण सेकंदाचा दहावा भाग घेते. पण पोहोचल्यावर ती डोलता कामा नये. इथे एक खोच आहे. त्या नैसर्गिक फटीच्या खाली आणि वर स्प्रिंगचा जोर उलट दिशेने लागतो. आयडलला झडप बहुधा नेमकी त्याच सीमेच्या आसपास असते, आणि मोठ्या हालचालीत छान वागणारे थ्रॉटल तिथे येऊन थरथरू लागते. ‘आयडल बसत नाही’ म्हणून लोक इंधनाच्या नकाशात दिवस घालवतात, आणि मूळ मात्र इथे असते. म्हणून ही जुळवणी त्या फटीच्या थोडे वर आणि थोडे खाली अशा बारीक पावलांनी करा.

पेडल आणि झडप यांचे नाते सुरुवातीला सरळ ठेवा, जेवढे पेडल तेवढी झडप. सगळे स्थिर झाल्यावर पहिला अर्धा भाग सौम्य करा. कमी आरपीएमला झडप एक तृतीयांश उघडली तरी इंजिनाला लागणारी बहुतेक हवा मिळून जाते. म्हणून सरळ नकाशात सुरुवातीचे पेडल भडक आणि उरलेले पोकळ वाटते.

मुद्दाम बिघडवून पाहा

हे न करता गाडी रस्त्यावर आणू नये. चाके उचलून जॅक-स्टँडवर किंवा न्यूट्रलमध्ये चाकांना अडसराचे ठोकळे लावून, शेजारी एक माणूस चावीवर हात ठेवून उभा करा. इंजिन बंद असताना सुरुवात करा, मग आयडलवर, मग दोन हजार आरपीएमवर. पेडलच्या पहिल्या सेन्सरची वायर सोडवा: रेस वाढता कामा नये, ईसीयूने दोष नोंदवला पाहिजे आणि दिवा लागला पाहिजे. जोडून पुन्हा दुसऱ्याची सोडवा. मग पेडलचे दोन्ही सिग्नल एकमेकांना टेकवा. नासाच्या अभियंत्यांना पेडलमध्ये सापडलेली जोडणी ती हीच, आणि ती पकडली गेलीच पाहिजे. थ्रॉटलच्या सेन्सरांवर हेच करा. मोटरचा फ्यूज ओढा: झडप फटीवर परत येऊन इंजिन सुस्त चालले पाहिजे किंवा बंद पडले पाहिजे. पेडल थोडे दाबून ठेवून ब्रेक दाबा: झडप आयडलवर आली पाहिजे. ब्रेकचा स्विच जुना, यांत्रिक असेल तर त्याआधी बदला, कारण ही पूर्ण सोय त्या स्वस्त स्विचवर उभी असते. शेवटी हेडलाइट, पंखा आणि एसी लावून स्टार्टर मारा.

प्रत्येक चाचणीचा लॉग जपून ठेवा. एकही नापास झाली तर गाडी गॅरेजच्या बाहेर नको, भले शनिवारचा बेत ठरलेला असो. पास झाल्यावर पहिली फेरी मोकळ्या, सपाट जागेत मारा आणि गाडी चालवणाऱ्या घरच्या प्रत्येकाला दाखवून द्या की रेस अडकलीच तर ब्रेक घट्ट दाबून धरायचा, गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा आणि गाडी थांबल्यावरच चावी फिरवायची. चालत्या गाडीत चावी शेवटपर्यंत फिरवली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते.

गाडी सीएनजीवर असेल तर आणखी एक खबरदारी. मिक्सरच्या जुन्या पद्धतीत इनटेकमध्ये बॅकफायर होण्याचा धोका असतो. तो धक्का झडपेवर आणि तिच्या प्लास्टिकच्या गिअरवर येतो. अशा गाडीत आधी सिक्वेन्शिअल किट, मग इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा विचार.

कागदपत्रे

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांना बांधून ठेवते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून केलेले बदल चालणार नाहीत, असा निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. थ्रॉटल बदलल्याने आरसीवरचा इंजिन क्रमांक बदलत नाही, म्हणून ते आपोआप वैध ठरते असे धरू नका. इंजिनच बदलणार असाल तर काम सुरू करण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला न सांगितलेला बदल दिसला तर दावा अडकतो. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळण्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीला हातच लावू नका. मूळ कार्ब्युरेटर आणि तार हीच तिची दौलत आहे.

परदेशातल्या वाचकांनी आपापल्या राज्याचे पाहावे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्या धूर तपासणीतून मुक्त आहेत, १९७६ पासूनच्या गाड्यांना मात्र मंजुरी क्रमांक असलेलेच भाग चालतात. ऑस्ट्रेलियात मोठ्या बदलासाठी अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते.

काम झाल्यावर वायरिंगचा नकाशा, ईसीयूच्या सेटिंगची फाइल, पेडल आणि थ्रॉटल कोणत्या गाडीचे आहे त्याचे पार्ट क्रमांक आणि चाचण्यांचे लॉग यांच्या दोन प्रती करा. एक घरी, एक गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात. सोबत मोटरचा एक जादा फ्यूज आणि एक जादा रिले ठेवा. दर वर्षी पावसाळ्याआधी कनेक्टर उघडून हिरवट गंज चढला आहे का ते पाहा, पेडलच्या ब्रॅकेटचे बोल्ट कसा, आणि सेन्सर सोडवण्याची ती चाचणी पुन्हा एकदा करा.